टॅपेट कव्हर, एअर क्लीनर आणि त्यांना जोडणारी नळी

बॉनेट उघडताच इंजिनाच्या माथ्यावर जे दोन भाग सर्वांत आधी नजरेत भरतात, ते म्हणजे व्हॉल्व्हची हालती यंत्रणा झाकणारे कव्हर, ज्याला गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर म्हणतात, आणि इंजिनात शिरणारी हवा गाळून घेणारा एअर क्लीनर. सुट्या भागांचे संच विकत घेऊन मालकाने स्वतः जोडलेल्या मोटारीत, म्हणजेच किट कारमध्ये, किंवा जुन्या जीपचे नव्याने रूप खुलवताना, हौशी मालकाचा हात बहुधा याच दोन भागांकडे आधी वळतो, कारण ते बदलायला इंजिन उतरवावे लागत नाही आणि मोजक्या पान्यांत एका दिवसात गाडीचा चेहरा पालटतो. क्रोमचा मुलामा दिलेली किंवा ओतीव ॲल्युमिनियमची ही झाकणे बाजारात दागिन्यांसारखी शेजारी शेजारी मांडलेली असतात. प्रत्यक्षात हे दोन्ही भाग मिळून इंजिनाच्या श्वसनाची एकच व्यवस्था घडवतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या धुळीच्या, धानाच्या आणि जंगलवाटांच्या मुलखात ही व्यवस्था बिघडली तर इंजिनाचे आयुष्य झपाट्याने घटते.

किट कारची परंपरा रुजली ती मुख्यतः इंग्लंडमध्ये, जिथे तयार मोटारीवर असलेला खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागू होत नसे, आणि त्यामुळे १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी उघडी गाडी अनेकांनी संच आणून घरच्या घरी जोडली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली, पण हौस संपली नाही. अमेरिकेत कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-आठ इंजिन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन, बसवून कोब्रा घडवली, आणि पुढे तिच्या प्रतिकृतींचे असंख्य संच विकले गेले. नाव कोरलेली टॅपेट कव्हरे आणि कार्ब्युरेटरवर ठेवलेला चकचकीत गोल एअर क्लीनर ही या गाड्यांची ओळखच होऊन बसली.

महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी गाडी म्हणजे जीप. महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईत जीप आणली, ती अमेरिकेच्या विलीज कंपनीकडून सुट्या भागांच्या रूपात येई आणि इथे जोडली जाई. हा प्रवास सात दशकांनी उलट दिशेनेही झाला : २०१८ मध्ये महिंद्राची रॉक्सर ही जीपसारखी गाडी भारतातून पाठवलेल्या संचांपासून अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जोडली जाऊ लागली. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर वनखात्याच्या जीपपासून प्रवासी वाहून नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या गाड्यांपर्यंत या कुळाचीच सत्ता राहिली, आणि नंतर ताडोब्याच्या व्याघ्रप्रकल्पातील सफारीमुळे मारुती जिप्सी जीपच्या जोडीला आली.

टॅपेट कव्हर गाडीचा आकारसुद्धा ठरवू शकते, हे जीपच्या इतिहासातूनच दिसते. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या सुमारे २,२०० घन सेंटिमीटरच्या इंजिनात सर्व व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच बसवलेल्या असत. त्यामुळे इंजिनाचा माथा सपाट होता आणि व्हॉल्व्हवरचे झाकण कुशीला होते. पुढच्या हरिकेन इंजिनात, घनफळ तेवढेच ठेवून, आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये नेल्या, त्यांना दाबणारे रॉकर आर्म नावाचे छोटे दांडे त्यांच्यावर आले, आणि त्यांना झाकायला माथ्यावर कव्हर आले. इंजिनाची उंची वाढल्याने जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच करावे लागले. हाच उंच नाकाडाचा नमुना महिंद्राने पुढे अनेक वर्षे देशात बनवला. उंच आणि शोभिवंत कव्हर मागवण्याआधी बॉनेटखाली जागा किती आहे ते मोजायला हवे, ही गोष्ट या गाडीने सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून दिली आहे.

टॅपेट कव्हरचे काम वरवर साधे वाटते. आत रॉकर आर्म, स्प्रिंगा आणि काही इंजिनांत कॅमशाफ्ट सतत तेलात न्हाऊन फिरत असतात; ते तेल बाहेर उडू नये आणि बाहेरची माती आत पडू नये, यासाठी हे झाकण असते. मूळ कव्हर बहुधा पातळ पत्र्याचे असते आणि त्याच्या कडेखाली कॉर्क किंवा रबराचे पॅकिंग असते. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की बोल्टच्या भोवतीचा पत्रा खाली दबतो, दोन बोल्टांच्या मधला भाग किंचित उचलला जातो आणि तिथून तेल पाझरू लागते. मग मालक बोल्ट आणखी आवळतो आणि गळती आणखी वाढते. यावर खरा उपाय म्हणजे कव्हर काढून त्याची कड सपाट ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करणे, जुन्या पॅकिंगचा प्रत्येक कण खरवडून काढणे, बोल्टखाली रुंद वॉशर घालणे आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बोल्टांकडे, थोडे थोडे करत, दोन-तीन फेऱ्यांत आवळणे. ओतीव ॲल्युमिनियमचे जाड कव्हर वाकत नाही, त्यामुळे गळतीच्या दृष्टीने ते स्वस्त क्रोमच्या पत्र्यापेक्षा निश्चितच सरस ठरते. शोभेसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. गळती ही केवळ डागाची बाब नाही, कारण कव्हरवरून ओघळलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले की धूर होतो आणि आग लागण्याचा धोका राहतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत साग-मोहाचा पालापाचोळा वाळून पडलेल्या रानात उभ्या गाडीच्या बाबतीत ही भीती कोणीही हलकी मानू नये.

कव्हरच्या आत मात्र एक भाग असतो, ज्याकडे शोभेचे कव्हर बनवणाऱ्यांचे अनेकदा दुर्लक्ष होते. पिस्टनच्या कड्यांमधून, म्हणजे रिंगांमधून, जळलेल्या वायूचा थोडा अंश खाली तेलाच्या खोलीत निसटतो. तो बाहेर पडला नाही तर आत दाब साठतो आणि सगळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. म्हणून टॅपेट कव्हरला श्वास सोडणारे भोक, म्हणजे ब्रीदर, असते आणि त्याच्या खाली तेलाचे शिंतोडे अडवणारा आडवा पत्रा बसवलेला असतो. हा पत्रा नसलेले देखणे कव्हर लावले की उडणारे तेल सरळ ब्रीदरमध्ये जाते, तिथून इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. मग रिंगा गेल्या, असे निदान होऊन विनाकारण इंजिन उघडले जाते. उलट दिशेची अडचणही आहे : आतला वायू बाहेर काढला जातो तेव्हा त्याच्या जागी ताजी हवा यावी लागते, आणि नीट बांधलेल्या इंजिनात ती एअर क्लीनरच्या स्वच्छ बाजूकडून एका रबरी नळीने टॅपेट कव्हरमध्ये येते. शोभेच्या गोल एअर क्लीनरला ही नळी जोडायचे तोंड बहुधा नसते. ती नळी मोकळी लोंबत राहिली, किंवा तिच्या जागी बोटभर लांबीचा क्रोमचा छोटा ब्रीदर खोचला, तर बाहेरची धूळ इंजिनाच्या तेलात थेट उतरते आणि बेअरिंगपर्यंत पोहोचते. दोन्ही भाग एकाच वेळी बदलणाऱ्याने आधी या नळीची सोय करावी आणि नंतरच रंग-मुलामा निवडावा.

हवेचे प्रमाण लक्षात घेतले की एअर क्लीनरचे महत्त्व अधिक कळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन ९,००० लिटरच्या आसपास हवा आत ओढते. या हवेत सिंदेवाहीच्या परिसरात काय काय असते, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. सिहार, मोरंड, कन्हार अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या मातीचा उन्हाळ्यात गाडीवाटेवर पार भुगा होतो. दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू झाली की तूस आणि कोंडा हवेत तरंगत राहतो. ताडोब्याच्या कोलारा-नवेगावसारख्या प्रवेशद्वारांतून शिरलेल्या जिप्सी कच्च्या वाटेवर एकीमागे एक धावतात, तेव्हा मागची गाडी पुढच्या गाडीने उडवलेली धूळच ओढत असते. मातीतील वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, इंजिनाच्या ओतीव लोखंडापेक्षा आणि पिस्टनच्या ॲल्युमिनियमपेक्षा कठीण असतो, आणि रिंग व सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर अवघा काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचा, असल्यामुळे डोळ्यांना न दिसणारे बारीक कणच सर्वाधिक झीज घडवतात. जाळीवर अडकलेला काडीकचरा दिसतो म्हणून माणूस सावध होतो. खरे नुकसान करणारी धूळ मात्र दिसतच नाही.

या धुळीवर जुन्या काळी शोधलेला उपाय आजही आदराने पाहावा असा आहे. युद्धकाळातील जीपवर आणि भारतातील अनेक ट्रॅक्टरांवर तेलाचा एअर क्लीनर असतो. त्यात हवा नळीने खाली उतरून तळाच्या तेलाच्या पृष्ठभागाशी एकदम उलटी वळते. हलकी हवा वळू शकते, पण जड कण आपल्या वेगाने तेलात जाऊन बसतात, आणि उरलेले कण वरच्या तेलकट तारेच्या जाळीत अडकतात. मळणीच्या दिवसांत वाटीतले तेल वारंवार तपासून गाळ काढावा लागतो, एवढे पथ्य सोडले तर हे यंत्र फार कमी मागते. त्यानंतर आलेला घड्यांचा कागदी फिल्टर बारीक कण अधिक चांगले अडवतो, पण तो ओला झाला किंवा जोरदार हवेच्या झोताने झटकताना फाटला की निरुपयोगी ठरतो. शोभेच्या एअर क्लीनरमध्ये बहुधा तेल लावलेल्या सुती कापडाचा गाळणा असतो. त्याला तेल कमी पडले तर धूळ निसटते आणि जास्त झाले तर ते वाहून आत जाते.

उघड्या गोल एअर क्लीनरची आणखी एक उणीव उष्ण प्रदेशात ठळक होते. मूळ पेटी बहुधा बॉनेटच्या कडेकडून तुलनेने गार हवा घेते, तर उघडा फिल्टर इंजिनाच्या अंगावरची तापलेली हवा ओढतो. हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, म्हणजे तेवढ्याच घनफळात प्राणवायू कमी मिळतो. आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ अंशांच्या वर जात असताना बॉनेटखालचे तापमान किती चढत असेल, याचा अंदाज करता येतो. जास्त ताकद मिळेल या आशेने लावलेला उघडा फिल्टर उन्हाळ्यात आवाजच अधिक करतो, आणि मूळ पेटी हा आवाज दाबण्याचेही काम करत असते, ही गोष्ट वाघाच्या रानातून गाडी हाकणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी.

प्रत्यक्ष बसवणीत दोन खबरदाऱ्या टाळता येत नाहीत. एअर क्लीनरच्या माथ्यावर मऊ कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच मिटावे आणि उघडून गोळ्याची उरलेली जाडी मोजावी. इंजिन धक्क्यांनी हलते, त्यामुळे सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी असलेली बरी. दुसरे म्हणजे कार्ब्युरेटरवरचा एअर क्लीनर काढताच त्याचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, काढलेले नट मोजून ठेवावेत आणि शेवटी फडके काढल्याची खात्री करावी, कारण आत पडलेला एक वॉशर पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही फोडू शकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. कव्हरचा रंग किंवा धातू प्रमाणपत्रात नसतो. धूर आणि आवाज यांच्या मर्यादा मात्र प्रत्येक गाडीला लागू असतात, आणि एअर क्लीनर या दोहोंशी संबंधित आहे. त्यामुळे काढलेली मूळ पेटी विकून टाकण्याऐवजी जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

नवा एअर क्लीनर खरोखर काम करतो की नाही, हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. धुळीच्या वाटेवर एक-दोन दिवस गाडी चालवल्यावर फिल्टर काढावा आणि त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूची नळी किंवा कार्ब्युरेटरचे तोंड आतून पांढऱ्या कापडाने पुसावे. कापडावर मातकट रेघ उमटली तर गाळणा बदलण्याआधी त्याच्या कडा, झाकणाखालचे रबर आणि ब्रीदरच्या नळीचा जोड तपासावा, कारण धूळ बहुतेक वेळा गाळण्यातून येत नाही, ती त्याला वळसा घालून फटीतून येते. फट सापडून ती बुजली, की तीच पुसणी आणखी एका धुळीच्या फेरीनंतर पुन्हा करून पाहावी.