विश्लेषण : फवारणीनंतरही ढेकूण परत का येतात?

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की पुण्या-मुंबईतील वसतिगृहे आणि पीजीमध्ये गाद्या-बॅगांची ने-आण वाढते. त्यांच्यासोबत ढेकूणही खोली बदलतात. त्यांचा चावा जीवघेणा नसतो; पण त्यांना मारण्याचा चुकीचा उपाय जीवघेणा ठरू शकतो.

चावा ढेकणाचाच, हे कसे ओळखावे?

केवळ पुरळ पाहून खात्री देता येत नाही. चेहरा, मान, हात अशा झोपेत उघड्या राहणाऱ्या भागांवर लाल, खाजणाऱ्या गांधी उठतात, अनेकदा ओळीने. ढेकणाच्या लाळेत त्वचा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असल्याने जाग येत नाही. काहींना गांधी १४ दिवसांपर्यंत उशिरा उठतात, काहींना उठतच नाहीत. म्हणून खोलीत एकालाच खाज सुटली, तरी शंका झटकू नये. खरा पुरावा गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात सापडतो: काळे ठिपके, टाकलेली कात, पांढरी अंडी.

ढेकणांमुळे रोग पसरतो का?

डासांप्रमाणे ढेकणांनी माणसांत आजार पसरवल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र खाजवून जखम चिघळते, झोपेचे खोबरे होते. पू झाला, सूज वाढली किंवा श्वास लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.

अस्वच्छतेमुळेच होतात का?

नाही. ढेकणाला कचरा नव्हे, रक्त लागते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्याला खेचून आणते. त्याला उडता येत नाही; तो सामानातून प्रवास करतो.

मग ते मरत का नाहीत?

डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४० च्या दशकाच्या अखेरीसच हवाईत आढळले होते. आज घरगुती स्प्रेमधील पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांनाही अनेक ढेकूण दाद देत नाहीत. शिवाय अंडी फवारणीतून वाचतात आणि उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी आवश्यक असते.

काय करावे?

चादरी, कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. लोखंडी खाटेवर उकळते पाणी ओतण्याची जुनी युक्ती उपयोगी आहे, पण पाणी पोहोचेल तिथपर्यंतच. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. आतला भाग पुरेसा तापत नाही. शेजारच्या खोल्याही तपासाव्यात आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोल करून घ्यावे.

काय टाळावे?

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. फटींतून तो शेजारच्या खोलीत झोपलेल्यांपर्यंतही पोहोचू शकतो आणि या विषावर उतारा नाही. अशा खोलीत मळमळ, चक्कर किंवा धाप जाणवली, तर लगेच मोकळ्या हवेत यावे, इतरांना बाहेर काढावे आणि रुग्णालय गाठून गोळीचे नाव सांगावे.