अमानत पोहोचली पाहिजे

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की जालन्याच्या बाजारात शेवया, खजूर आणि टोप्यांच्या दुकानांवर गर्दी वाढू लागते. याच दिवसांत जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या काही घरांत आणखी एक तयारी चालते. आखातात कामाला गेलेल्या मुलासाठी ईदचा जोडा शिवायचा आणि पोस्टातून पार्सल रवाना करायचे. मग फोनवर रोज एकच प्रश्न, "मिळालं का रे?" आणि एकच उत्तर, "नाही अम्मी, अजून नाही." पंधरा दिवस असे गेले की पार्सल हरवलेच, अशी घराची खात्री होते. कुणी पोस्टमनवर संशय घेतो, कुणी नशिबाला दोष देऊन गप्प बसतो.

दोन्ही चूक. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. परदेशी टपालात हा उंट बांधण्याचा दोर म्हणजे पोस्टाची पावती.

पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मधे नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. भारतातून गेलेल्या वस्तूवर ती 'आयएन' असतात. नऊ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे उतरवताना झालेली चूक सहसा पकडली जाते. हाच क्रमांक पलीकडच्या देशातही कायम राहतो. म्हणून भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर 'देशाबाहेर रवाना' यापुढे काही दिसेनासे झाले, तर तोच क्रमांक त्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. पुष्कळदा पार्सल हरवलेले नसते, कस्टममध्ये थांबलेले असते. आत काय आहे ते अर्जात नीट लिहिले नसेल, पत्ता किंवा फोन नंबर अपुरा असेल, किंवा सेंटच्या बाटलीसारखी ज्वलनशील वस्तू असेल, तर ते अडकते.

तरीही पत्ता लागला नाही, तर जिथून पार्सल केले त्या पोस्टात चौकशीचा अर्ज द्यावा. हा अर्ज पाठवणाऱ्याने करायचा असतो. मुलगा तिकडे कितीही खेटे घालो, पावती अम्मीच्या हातात असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पार्सलच्या चौकशीला मुदत आहे टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने. स्पीड पोस्टची मुदत वेगळी असू शकते, ती पोस्टात विचारून घ्यावी. नुकसानभरपाईचा पहिला हक्कही पाठवणाऱ्याचाच. मुलाने तिकडून पाठवले असेल, तर अर्ज त्याने तिथे करायचा. इकडे येणाऱ्या भेटवस्तूंना डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवनरक्षक औषधे वगळता शुल्कमाफी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ईद जवळ आली की ठकही जागे होतात. 'तुमचे पार्सल पत्त्याअभावी अडकले आहे, या लिंकवर थोडे पैसे भरा', असे संदेश मोबाईलवर येतात. ज्याच्या घरी खरोखरच पार्सलची वाट पाहणे चालू आहे, तो चटकन फसतो. कानावर आलेल्या बातमीची आधी खातरजमा करावी, असा आदेश कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. लिंक उघडण्याआधी पोस्टात विचारावे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

देवाणघेवाण लिहून ठेवण्याला इस्लाममध्ये मोठे स्थान आहे. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. पोस्टाची पावती फोटो काढून जपणे हे त्याच शिस्तीत बसते.

आणि टपालाचा सारा कारभार चालतो तो अमानतीवर. १८७४ मध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघाची पायाभरणी झाली, १८७६ मध्ये भारत त्यात आला. एका देशाच्या पोस्टाने घेतलेली वस्तू दुसऱ्या देशाच्या पोस्टाने घरपोच करायची, हा त्यातला करार. ज्याची अमानत त्याला पोचती करा, हा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीचा आशयही तोच.

मक्केचे लोक हजरत मुहम्मद (स.) यांना 'अल-अमीन' म्हणत. त्यांच्या जिवावर उठलेल्या शहरातल्या लोकांच्या ठेवीही त्यांच्याकडेच होत्या. हिजरतीच्या रात्री त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले, ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. जीव धोक्यात असतानाही अमानत विसरली गेली नाही. पार्सल घेणारा कारकून, ते वाहणारा, पोचवणारा पोस्टमन या सगळ्यांच्या हाती कुणाची तरी ईद असते. आणि शेजाऱ्याचे पार्सल चुकून आपल्या दारी आले, तर ती अमानत आपल्या हाती असते. त्या दिवसाचा रोजा तिथेही पाळायचा असतो.