जँगोमधलं पान हळू का उघडतं?

परवा एका मैत्रिणीच्या जँगो प्रोजेक्टमध्ये पुस्तकांची यादी उघडायला फार वेळ लागत होता. मोठा सर्व्हर घ्यायचं चाललं होतं. डीबग टूलबार लावून पाहिलं, तर एका पानासाठी ५१ क्वेरी!

कारण साधं आहे. जँगोचा ओआरएम संबंधित नोंदी आपणहून आणत नाही, मागितल्या की आणतो. ५० पुस्तकांच्या यादीला १ क्वेरी, आणि लूपमध्ये प्रत्येकाच्या लेखकाचं नाव दाखवताना आणखी ५०. हाच तो ‘एन प्लस वन’ प्रॉब्लेम. एकेका जिन्नसासाठी वाण्याकडे वेगळा हेलपाटा!

उपाय दोन:

🔹 सिलेक्ट_रिलेटेड: फॉरेन की आणि वन-टू-वन नात्यांसाठी. जॉइन लावून पुस्तक आणि लेखक एकाच क्वेरीत येतात.

🔹 प्रीफेच_रिलेटेड: मेनी-टू-मेनी आणि उलट्या फॉरेन कीसाठी, उदा. पुस्तकाचे टॅग. त्यांची वेगळी १ क्वेरी जाते, जुळणी पायथनमध्ये होते.

खबरदारी: प्रीफेच केलेल्या टॅगवर लूपमध्ये पुन्हा फिल्टर लावलात, तर दर वेळी नवी क्वेरी जाते. तो फिल्टर प्रीफेच ऑब्जेक्टमध्येच द्या.

आणि हे दोन्ही उपाय सरसकट लावू नका. नको असलेला डेटा आणणंही महागच पडतं. आधी क्वेरी मोजा.

काही अडलं तर कमेंटमध्ये जरूर विचारा.