मेपल नाही? काकवी आहे ना!

मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा आटवलेला रस. साधारण 40 लिटर रसातून जेमतेम 1 लिटर सिरप निघतं, म्हणून ते महाग. अमरावती-अकोल्यात त्यावर पैसे घालवण्यापेक्षा काकवी घ्या. चव मेपलची नाही, त्याहून गडद आहे, आणि मला तर तीच जास्त आवडते.

काकवीचं ग्लेझ घातलेल्या भाजक्या वड्यांसाठी घ्या: 120 ग्रॅम कणीक, 40 ग्रॅम ज्वारीचं पीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, 120 ग्रॅम गूळ पावडर, 80 ग्रॅम वितळलेलं लोणी, 120 ग्रॅम दही. ज्वारी यापेक्षा वाढवू नका; तिच्यात ग्लुटेन नसतं, वड्या भुगा होतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्याची साल किसून घाला, पण फक्त वरची केशरी. खालचा पांढरा भाग कडू लागतो. 180 अंशांवर अंदाजे 25 मिनिटं.

ग्लेझसाठी 4 मोठे चमचे काकवी नि 1 चमचा लोणी दोन मिनिटं मंद उकळा, उतरवून पिठीसाखर फेटा, कोमट वड्यांवर ओता. मे महिन्यातल्या अकोल्यात ते बाहेर घट्ट होत नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मगच कापा.