तक्त्यातलं सफरचंद, खारेपाटातला वाल

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं की गडब येतं. एका अंगाला धरमतर खाडीचा खारेपाट, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्यातल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. इथल्या पोराच्या ताटात तांदळाची भाकरी असते, सुकट नाहीतर जवळा असतो, थंडीत वालाचं बिरडं आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. पावसाळ्यात डोंगरावरून टाकळा, कुर्डू, शेवळं उतरतात. दुकानात मिळणाऱ्या छापील आहारतक्त्यावर मात्र सफरचंद, द्राक्षं, पाव आणि दुधाचा पेला. ताट आणि तक्ता यांच्यातलं हे अंतर एका दिवसात पडलेलं नाही.

अन्नाचे गट पाडून ते शिकवण्याची पद्धत जगभर रुळली ती विसाव्या शतकात. अमेरिकेने महायुद्धाच्या धामधुमीत, 1943 साली, सात गट केले. 1956 मध्ये त्यांचे चार झाले, 1992 मध्ये पिरॅमिड आला आणि 2011 मध्ये त्याची थाळी झाली. आपल्या वर्गांत ऊर्जा देणारे, शरीर बांधणारे आणि रोगांपासून राखणारे, असे तीन गट पाठ करून घेतले गेले. पाठ झाले की गुण मिळत.

याच काळात महाराष्ट्रात एक निराळी वाट पडत होती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबत होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांत कुठून आणायची? मग खडे, पानं, बिया, शिंपले हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. आधी अंघोळ, नखं, केस, मग पुढचं. परिसरातली वस्तू हातात देऊन शिकवणं ही त्या कामाची खरी कमाई. आहाराचा धडा या पद्धतीपासून दूर राहिला, ही खंत मात्र उरते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांतली एक ‘पोषण व आरोग्य शिक्षण’. पण ती होती 15 ते 45 वयाच्या बायकांसाठी! मुलांच्या वाट्याला पूरक आहार, लस, तपासणी आणि पूर्वशालेय शिक्षण. मूल खाणारं, आई शिकणारी, अशी ही वाटणी. ती चूक म्हणता येत नाही, कारण चूल आईच्या हाती होती. तरी चार वर्षांचं पोर आपल्या ताटाबद्दल काही शिकू शकतं, हे त्या आखणीत कुठेच बसत नव्हतं.

शाळेत जेवण आलं तेही वळसा घेऊन. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना निघाली, पण महाराष्ट्रात कितीतरी वर्षं मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो कच्चा तांदूळच पडायचा. तो घरी जायचा, घरच्या डब्यात मिसळायचा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की शिजवलेलं अन्न द्या, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षात निदान 200 दिवस. त्यानंतर शाळेत चूल पेटली. आहाराचा पाठ पहिल्यांदाच मुलांच्या समोर वाफाळत आला.

या पाठाचं साधन गावातच आहे. वाल घ्या. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो शेतात उभा राहतो. थंडीत शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत मडक्यात भरून, मडकं उपडं ठेवून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. गडब-पेण-रोह्याकडच्या पोरांना ती सांगावी लागत नाही. सुके वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून बोटाच्या चिमटीत दाबले की साल सुटून डाळिंबी टुणकन बाहेर येते. प्रथिनं म्हणजे काय, हे सांगायला याहून सोपं साधन कोणतं? पहिलीतलं मूलही वाटीभर वाल सोलतं.

2018 मध्ये पोषण अभियान आलं, सप्टेंबर पोषण महिना झाला, शाळांत परसबागा लागल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत किमान आठ अन्नगटांतून आहार घ्यायला सांगितलं. अभियान सुरू झालं तरी आकडे मात्र लगेच सुधारले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची खुजी मुलं 2015-16 मध्ये 34.4 टक्के होती, 2019-21 मध्ये 35.2.

तक्ता आणि ताट यांची सांगड घालायची संधी नोव्हेंबर 2023 मध्ये आली होती. राज्याने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जून 2024 मध्ये भाताचा प्रकार, मोड आलेलं कडधान्य आणि गोड पदार्थ असं तीन भागांचं जेवण आलं. जानेवारी 2025 मध्ये अंडं आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. हवे असतील तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगण्यात आलं. महामार्गालगतचं गाव वर्गणी काढेलही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जाणाऱ्या कातकरी घरांकडे ती कोण मागणार?

मोडाचं कडधान्य मात्र टिकलं आहे. ते आदल्या दिवशी भिजत घालायचं, फडक्यात बांधायचं, बिघडत नाही ना ते बघायचं, हे काम स्वयंपाकी-मदतनीस बाईंचं. त्यांना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं.