तंबोरा कुठं हरवला?

"तंबूरी केळसवल्दु!" कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवत मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते धारवाड सोडून बेळगावात आमच्याकडेच असतात. लेकीशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी धारवाडी वळणाच्या मराठीत आणि नातवाशी दोन्ही भाषांची मिसळ करून. रात्री जेवणं झाली, की मुलाचा अभ्यास मोडू नये म्हणून हेडफोन लावून मल्लिकार्जुन मन्सूरांना ऐकायचं, हा त्यांचा नेम. पण महिनाभर एकच तक्रार सुरू होती. गाणं ऐकू येतं, मागचा तंबोरा मात्र ऐकू येत नाही. हळूहळू त्यांनी ऐकणंच कमी केलं. धारवाडच्या माणसानं मन्सूर ऐकणं सोडावं, म्हणजे घरात काहीतरी बिघडलं आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला. त्यांनी लगेच यादी केली. नवा हेडफोन, 'डॅक' नावाची डबी आणि वर अँप्लिफायर. बेरीज बावीस हजार! "अहो, अप्पांसाठी घ्या की," सौभाग्यवती म्हणाल्या. घ्यायला ना नव्हती. पण प्राध्यापकाचा पगार आणि घराचा हप्ता यांचं नातं वाचकांना ठाऊक आहेच. म्हटलं, आधी कुठलं काय बदलायचं ते तर बघूया.

हेडफोनवर ऐकणं ही एक साखळी असते. पहिली कडी मूळ रेकॉर्डिंगची. दुसरी डॅकची, म्हणजे आकड्यांच्या रूपात साठवलेल्या आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाची. तिसरी त्या लहरींना जोर देणाऱ्या अँप्लिफायरची आणि चौथी हेडफोनची. आपण खरेदीला निघतो ते चौथ्या कडीपासून. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आधी आड तपासला. मामांच्या बऱ्याच कॅसेट आकाशवाणीवरून घरी टेप केलेल्या. मध्यम लहरींवरच्या प्रसारणात साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे बारीक स्वर येतच नाहीत. जे कॅसेटमध्ये उतरलंच नाही, ते लाखाचा हेडफोनही देऊ शकत नाही. उरलेल्या कॅसेट दुकानातून घेतलेल्या, चांगल्या. पण मुलानं शाळेत असताना जागा वाचावी म्हणून त्या ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये भरल्या होत्या. सीडीवर हाच आकडा १,४११ असतो! टेपचं हेडही मळलेलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून ते पुसलं, तर काळा-तपकिरी थर निघाला. ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हेडचा तिरकेपणा स्क्रूनं सरळ करून दिला. हेड जरा तिरकं झालं, तरी सर्वांत आधी वरचे स्वर जातात. मग दोन रविवार बसून निवडक कॅसेट पुन्हा भरल्या. खर्च तीनशे रुपये आणि रविवारची झोप.

पुढची पाळी हेडफोनच्या गाद्यांची. त्यांची काळी साल निघून मामांच्या शर्टाच्या कॉलरवर पडायची आणि आम्ही झटकून टाकायचो. बंद पद्धतीच्या हेडफोनमध्ये गादी कानाभोवती घट्ट बसली नाही, की खर्ज गळून जातो. चष्म्याची काडी आडवी आली तरी तेच होतं. नव्या गाद्या साडेचारशे रुपयांत आल्या. मामांनी चष्मा काढून ऐकलं आणि म्हणाले, "खर्ज भरला. तंबोरा नाही."

आता चिरंजीव पुढे सरसावले. "बाबा, आता अँप्लिफायर!" मामांच्या फोनचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवलेला असतो, हा त्यांचा पुरावा. अँप्लिफायरची गरज असते, नाही असं नाही. काही हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात. त्यांना फोनचा जोर बहुतेकदा पुरत नाही. मामांचा हेडफोन मात्र ३२ ओहमचा, फोनवर सहज चालणारा. म्हणून मामांनी जिथं ठेवला होता तिथंच आवाज ठेवून मी हेडफोन माझ्या कानाला लावला.

आणि झटक्यात काढला! कानठळ्या बसल्या. तंबोराही होता, अगदी लख्ख, जव्हारीसकट.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. जो आवाज मला सोसवत नव्हता तो मामांना अपुरा पडत होता. साखळीत एक पाचवी कडी असते आणि तिची किंमत कुठल्याच दुकानाच्या यादीत नसते. ती कानाची.

मामा मात्र ऐकेनात. "मिशन घ्या तुम्ही, माझ्या कानाला काय झालंय?" ऐंशीला टेकलेला माणूस गुडघ्याचं दुखणं चारचौघांत सांगतो, कानाचं सांगत नाही. बायकोनं कन्नडमध्ये काय समजूत घातली ते मी विचारलं नाही. पण आठवड्यानं ते कानाच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले.

तपासणीचा आलेख निघाला. खालच्या स्वरांपर्यंत रेघ बरी होती. दोन हजार हर्ट्‌झनंतर मात्र डोंगरउतारासारखी खाली गेलेली. वयानं ऐकू येणं कमी होतं ते बहुधा असंच, वरच्या बाजूकडून. गायकाचा भरदार आवाज पोचतो, पण तंबोऱ्याचा झंकार ज्या बारीक स्वरांनी बनतो ते विरून जातात. म्हणून तर बायकोचं बोलणं त्यांना "कळतं, पण नीट नाही" असं होत होतं आणि आम्हाला वाटायचं, मामांचं लक्ष नाही!

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. त्यानंतर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे अँप्लिफायर आणला असता, तर उरलेले कानही आम्ही हौसेनं बिघडवले असते. मुलगा गप्प झाला. त्या रात्री त्यानं स्वतःच्या फोनचा आवाज दोन रेघा खाली आणला, हे मी पाहिलं.

बावीस हजार वाचले असं समजू नका. त्याहून जास्त श्रवणयंत्रांना लागले. पण ते योग्य कडीवर लागले. ही यंत्रं मुख्यतः बोलणं समजावं म्हणून बनवलेली. गाण्यासाठी त्यात वेगळी योजना करून घ्यावी लागते. त्यासाठी दोन-तीन फेऱ्या झाल्या.

तरीही ज्यांना सामग्री बदलायचीच आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव सांगतो. आधी रेकॉर्डिंग, मग गाद्या आणि वायर, मग हेडफोन. डॅक आणि अँप्लिफायर अगदी शेवटी, तेही गरज दिसली तरच. दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जे मोठ्यानं वाजतं ते नेहमी चांगलंच वाटतं. आणि पाठ करून ऐका. ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक आपल्याला कळतो अशी आमच्या चिरंजीवांची खात्री होती. पाठ करून बसवलं, तर दहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. आणि घरात साठी उलटलेलं कुणी असेल, तर दुकानाच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

परवा रात्री मामांनी नव्यानं भरलेली कॅसेट लावली. मी दारातूनच विचारलं, "मामा, तंबोरा?"

त्यांनी डोळे मिटूनच हात वर केला. थोड्या वेळानं म्हणाले, "पहिल्यासारखा नाही. पण आहे."