बाजाराच्या दिवशी, खोली क्रमांक सात

पहाटे ५:५०

अलार्मच्या आधी फोन वाजतो. "मॅडम, आधी गोळी खाऊ का आधी रक्त देऊ?" आधी रक्त, मग गोळी. चार वर्षं मी हेच सांगते आहे आणि चार वर्षं माझे एक रुग्ण, गुरुजी, हेच विचारताहेत. मला कंटाळा येत नाही. जो विचारतो तो बायपोलरचं हे औषध, लिथियम, नीट घेतो, हा माझा अनुभव. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी काढलेल्या रक्तातलाच आकडा खरा. तो साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान बसला पाहिजे. खाली गेला तर औषध फुकट. फार वर गेला तर हात कापतात, उलट्या होतात, तोल जातो. जुलाब लागले, उन्हात पाणी कमी पडलं किंवा गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर दुखण्याची गोळी आणली, एवढ्यानंही तो चढतो. गुरुजी गुडघा शेकतात, गोळी घेत नाहीत.

सकाळी ७:३०

जीप निघते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं आमचं पथक म्हणजे मी मानसोपचारतज्ज्ञ, सोबत एक सायकॉलॉजिस्ट, एक समाजसेवक, एक सिस्टर आणि औषधांचे दोन खोके. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आज आमचा वार. (रुग्णांच्या ओळखीच्या खुणा मी पुढे बदलल्या आहेत, आजार बदललेला नाही.) रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनची काढणी चालू आहे.

पूर्वी आमचा वार सोमवार होता. खोलीवर 'मानसोपचार विभाग' अशी पाटी होती आणि बाकावर कुणी बसत नसे. बसलेलं माणूस गावातल्या कुणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत त्याचं 'डोक्याचं' झालेलं असे. मग समाजसेवकानं दोन गोष्टी केल्या. पाटी काढून नुसता '७' आकडा ठेवला आणि वार बाजाराच्या दिवशी आणला. बाजाराला मजुरी चुकती होते, कामाला सुट्टी असते, सगळा तालुका तसाही येतो. दवाखान्यात कशाला गेला होतास, असं कुणी विचारत नाही. माझ्या कुठल्याही औषधानं जमलं नसतं तेवढं त्या दोन बदलांनी जमवलं.

सकाळी ९:४५

पहिली बाई चाळिशीची. मांडीवर प्लॅस्टिकची जाड पिशवी. त्यात दोन एक्स-रे, तीन सोनोग्राफ्या, व्हिटॅमिनच्या रिकाम्या पट्ट्या. अंग दुखतं, कमजोरी आहे, हातापायाला मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलेलं, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलेलं. दुखणं खरं असताना काही झालं नाही म्हणायचं, म्हणजे खोटारडी ठरवणं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर काम केलं आहे. बऱ्याच बायकांत तिचा धागा जंतूंपेक्षा मनाच्या आजाराशी जुळला.

आमच्याकडे उदासीच्या आजारासाठी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. १९९९ साली अमेरिकेत झालेली, आता मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं, असं विचारायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस, दहा किंवा त्याहून वर गेलं की नीट बघायचं. यादी चांगली आहे. पण तिच्यातला पहिलाच प्रश्न, कामांत रस किंवा आनंद कमी वाटतो का, मी तसाच वाचला की बाई मान हलवते. रस? आनंद? ते तिच्या मोजमापात नसतातच. म्हणून सिस्टरनं वेगळा प्रश्न काढलाय, भुलाबाईचा; पोरीबाळी अंगणात जमून गाणी म्हणतात तो आमच्याकडचा सण.

"औंदा भुलाबाई मांडली का?"

बाई गप्प. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पोरीनं लय हट्ट केला. मी म्हनलं राहू दे. मले आवाजच सहन नाई होत."

"आधी मांडायच्या?"

"आमच्याच अंगनात तर सारी आळी येत होती."

इथे मी पेन उघडलं. झोप लवकर लागते, पण "तीन वाजता टक्कन डोये उघडते", मग उजाडेपर्यंत छातीवर दगड. दुपारनंतर थोडं बरं. जेवण पोटात ढकलायचं. सहा महिन्यांत ब्लाउज सैल झालेत. रडू येत नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं तीच म्हणाली. पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळ सगळ्यांत वाईट जाणं, ही जोडी दिसली की मी सावध होते. साध्या काळजीनं बहुतेकदा झोप लागतच नाही. या आजारात ती अर्ध्यातून तुटते. नियम नाही हा, खूण आहे.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन लिहून दिलं. दोन्ही कमी असली तरी माणूस असाच दिसतो. आणि सर्ट्रालीनची निम्मी गोळी. इथे मी घाई करत नाही, कारण बहुतेक औषधं बंद पडतात ती याच पायरीवर. पहिले आठ-दहा दिवस गोळी फक्त त्रास देईल, मळमळेल, पोट बिघडेल. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील. आणि बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने बंद करायची नाही. "सवय लागन ना, मॅडम?" सवय लागते ती झोपेच्या गोळीची. तिच्या पिशवीत अल्प्राझोलामची पट्टी होतीच, कुणीतरी दोन वर्षांपूर्वी 'टेन्शनसाठी' दिलेली. तीही एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, म्हणून तिचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं.

'टेन्शन' हा शब्द मला आवडतो. 'नैराश्य' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसानं आशा सोडली, म्हणजे चूक त्याचीच. 'डिप्रेशनमध्ये गेला' हे तर आता मॅच हरल्यावरही म्हणतात. टेन्शन कुणालाही येतं. त्या शब्दावरून आत शिरता येतं.

सकाळी ११:१५

एकाला मोठ्या भावानं दंडाला धरून आणलंय. तक्रार भावाची: पितो, बायकोवर खेकसतो, शेतात जात नाही, हात चालत नाहीत. पुरुषांत हा आजार बहुधा असाच येतो, चिडचिड आणि बाटली घेऊन. डोळ्यांत पाणी शोधत बसलं तर सापडत नाही. आधी दारू की आधी मन, हे विचारावं लागतं. त्याचं मन आधी गेलं होतं, दिवाळीपासून. दारू उन्हाळ्यात वाढली.

भावाला बाहेर बसवलं. कर्ज, बोंडअळी, मुलीची फी, सगळं निघालं. आमच्या भागात हे सगळं एका शब्दात उरकायची पद्धत आहे: कर्जबाजारीपणा. कर्ज खरं आहे, आणि माझी गोळी ते फेडत नाही. पण हा माणूस पीककर्जाच्या नूतनीकरणाचा कागद चार महिने खिशात घेऊन फिरतोय. बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत. शेजाऱ्यावरही तेवढंच कर्ज आहे आणि तो चढला. आजार कर्ज आणत नाही, पण कर्जाशी झुंजायचं बळ काढून घेतो. दोन्ही एकदम धरावं लागतं. समाजसेवक त्याच्याबरोबर बँकेत जाणार आहे.

मग तो प्रश्न. नवीन डॉक्टरांना वाटतं, विचारलं तर डोक्यात भरेल. भरत नाही. उलट विचारल्यानं माणसाचा श्वास मोकळा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मी आवाज न बदलता विचारते, जसं भूक विचारते तसं.

"कधी वाटतं का, आपण नसलो तर बरं?"

पंखा आवाज करत होता. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "रोज."

रोज म्हणजे पुढचं विचारायचं: काही ठरवलंय का, कधी, कशामुळे थांबलात. थांबला मुलीमुळे. मग त्याच्या परवानगीनं भावाला आत घेतलं. घरातली फवारणीची औषधं आजच, बाजारातून परत जायच्या आधी, भावाच्या गोठ्यात कुलपात; किल्ली भावाकडे. दोन आठवडे एकटं झोपायचं नाही. दारू एकदम सोडायची नाही, कारण तसं केलं तर फिट येऊ शकते. उद्या जिल्हा रुग्णालयात भरती. भावानं दबक्या आवाजात विचारलं, पोलिसांत कळवावं लागतं का. नाही. विचार मनात येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायला सांगितलं आहे. त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही. भावाचे खांदे उतरले. मला वाटतं, ही भीती त्यानं बरेच दिवस बाळगली असावी.

दुपारी १:३०

डबा. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी. पंधरा मिनिटं.

दुपारी २:००

एकवीस वर्षांचा मुलगा. तीन रात्री झोपला नाही आणि तरी ताजातवाना. अजून न ठरलेल्या लग्नाची हळद बुधवारी आहे, म्हणून चाळीस नातेवाइकांना फोन करून झालेत; मंडपवाल्याला आगाऊ रक्कमही दिली. बोलणं इतकं भरधाव की सायकॉलॉजिस्टची पेन्सिल मागे पडली. खोलीतल्या सगळ्यांना हसू येत होतं, आईला सोडून.

आई म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांमागं हाच पोरगा बोलत नव्हता. तवा तुमीच गोळी देली होती."

जुनी चिठ्ठी तिनं जपून ठेवली होती. अक्षर माझं. उदास, झोप नाही, भूक नाही, एस्सिटालोप्राम. एक ओळ नव्हती: याआधी कधी उलटं झालं होतं का? कमी झोपेत भरपूर जोर, पैसा उधळणं, मोठमोठे बेत? त्या दिवशी बाहेर साठजण होते आणि मी ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर आईनं दहावीनंतरचा उन्हाळा सांगितला असता; आज सांगितला. बायपोलरच्या माणसाला उदासीची गोळी एकटीच दिली तर ती त्याला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. गेल्या महिन्यात त्यानं आपण होऊन तीच जुनी गोळी दुकानातून पुन्हा आणली होती. दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता येतं, पण चिठ्ठी माझी होती.

आता लिथियम, गुरुजींचंच औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरानं १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. एक साधा क्षार, आणि अजून त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. त्याआधी भरती आणि रक्ताच्या तपासण्या. मंडपवाल्याकडून पैसे परत आणायचं काम समाजसेवकाच्या यादीत गेलं.

दुपारी ३:३०

विसरतात म्हणून आणलेले आजोबा. आज वार कोणता? "माहीत नाही." पंतप्रधान? "माहीत नाही." नातवाचं नाव? "राहू द्या ना." स्मृतिभ्रंशाचा माणूस सहसा काहीतरी ठोकून देतो; चुकीचं, पण आत्मविश्वासानं. जो प्रत्येक प्रश्नाला थकून 'माहीत नाही' म्हणतो, त्याची आठवण बहुधा शाबूत असते, उत्तर देण्याची इच्छा गेलेली असते. आजी जाऊन चौदा महिने झाले होते. घरच्यांनी ते सांगितलंच नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी ४:३०

आशाताईंची बैठक. बावीस जणी. गावातल्याच माणसांना का शिकवायचं, याचं उत्तर जवळच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. आधी उदासीच्या आजारातल्या शंभरांतल्या चार-पाच जणांपर्यंतच मदत पोचत होती, ती सत्तावीस जणांपर्यंत गेली. देशभरची अवस्था २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे: या आजाराचे शंभरांतले सुमारे पंच्याऐंशी उपचारांबाहेर.

मी फळ्यावर लक्षणं लिहायला लागले, तेवढ्यात एक आशाताई म्हणाली, "मॅडम, हे कायले लिहिता? ज्या घरी चार दिवस सडा नाई पडला, त्या घरी मी जाऊन बसते." मी खडू ठेवला. पुढचा अर्धा तास त्याच बोलल्या. बाळंतपणानंतर जी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत राहते. जी दुकानातून निम्मी साखर घेऊन परत जाते. जो पारावर येणं बंद करतो. मी एवढंच जोडलं: पंधरा दिवस मोजा, झोप विचारा, आणि जगणं नकोसं वाटतं का हे विचारायला घाबरू नका. 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडून निघू नका, आम्हाला लगेच फोन करा.

संध्याकाळी ६:२०

जीपमध्ये नोंदवही. आज एक्केचाळीस रुग्ण, त्यातले नऊ नवे. तक्रारीच्या रकान्यात नवांपुढे सिस्टरनं त्यांच्याच शब्दांत लिहिलंय: अंगदुखी, गॅस, झोप, चिडचिड, धडधड, डोकं जड, कमजोरी, विसर, "करमत नाही". 'उदास' एकदाही नाही.

रात्री ८:४०

एका बाईचा फोन. नवऱ्याला पाच आठवड्यांपूर्वी औषध सुरू केलं होतं. "मॅडम, आज यायनं भाजीत मीठ कमी म्हनून तोंड वाकडं केलं!" ती हसत होती. दोन महिने पुढ्यात येईल ते तो मुकाट गिळत होता. गोळी चालू ठेवा म्हटलं.

तुमच्या घरात कुणी पंधरा दिवसांहून जास्त असं मुकाट खात असेल, तर घेऊन या. येताना जुन्या चिठ्ठ्या आणा, फाटलेल्या असल्या तरी, आणि त्याची रात्रीची झोप सांगू शकेल असं एक माणूस. लांब पडत असेल किंवा मध्यरात्री गरज पडली, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या बाजाराला असतो. खोली क्रमांक सात, औषधाच्या खिडकीच्या डावीकडे.